परीक्षा गाडीची की प्रवाशाची?

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड या दोन जुन्या, गजबजलेल्या स्थानकांच्या मध्ये नाहूर नावाचे एक लहान स्थानक आहे. ते २००६ साली सुरू झाले. जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. धिम्या गाडीने जाणारे-येणारे चाकरमाने तेवढे त्याच्या खऱ्या ओळखीचे. परंतु मुंबईच्या रेल्वेचा संसार कसा चालतो हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने एखाद्या रात्री शेवटची लोकल निघून गेल्यावर नाहूरच्या पुलावर उभे राहावे. पहाटेची पहिली लोकल येईपर्यंत मध्ये जेमतेम तीन तासांचा अवकाश असतो. एवढ्या वेळात रूळ तपासावयाचे, खडी सारखी करावयाची, विजेच्या तारा आणि सिग्नल दुरुस्त करावयाचे. आणि मुंबईत नव्या धाटणीची एखादी गाडी दाखल झाली असेल, तर तिची चाचणीही अशा मध्यरात्री किंवा दुपारच्या विरळ वेळी, म्हणजे उसन्या घेतलेल्या वेळातच, आटोपावयाची. या चाचणीच्या गाडीत प्रवासी नसतात. प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती डब्यांतून रचलेली असतात, आणि मोजमापाची यंत्रे पुढे घेऊन काही अभियंते बसलेले असतात.

वाळूचे पोते हा मोठा आज्ञाधारक प्रवासी होय. ते दारात लोंबकळत नाही. त्याला घाम येत नाही, त्याचा श्वास कोंडत नाही. कचेरीत उशीर झाला म्हणून त्याचा पगार कापला जात नाही, आणि घाटकोपरला उतरावयाचे असता मागून रेटा आला म्हणून ते विक्रोळीपर्यंत वाहून जात नाही. गाडीच्या स्प्रिंगांची, चाकांची आणि ब्रेकची परीक्षा त्याच्या साहाय्याने उत्तम होते, याविषयी आम्हांस शंका नाही. पण गाडी बांधली जाते ती पोत्यांसाठी नव्हे. माणसे आत शिरली म्हणजे ती गाडी कशी वागते, ही परीक्षा मात्र प्रवासी सेवेच्या पहिल्या दिवसापर्यंत शिल्लक राहते. आणि ती पदरचे पैसे मोजून प्रवाशाला द्यावी लागते. ही रीत यापुढे चालू द्यावयाची काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

तो उपस्थित करण्यास सबळ कारण आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीच्या वेळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर, परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकल गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर फेकले गेले आणि त्यांपैकी चौघांचा त्याच दिवशी अंत झाला. या घटनेने शहर हादरले. त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केले की, मुंबईसाठी यापुढे बांधल्या जाणाऱ्या सर्व लोकल गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे असतील आणि चालू गाड्यांनाही ती बसविण्याचा मार्ग शोधला जाईल. पाठोपाठ वातानुकूलित नसलेल्या गाडीचा नवा आराखडाही पुढे आला. दारे बंद असताना हवा खेळती राहावी म्हणून दारांना फटींच्या झडपा, छतावर बाहेरची हवा आत ओढणारी यंत्रे, आणि गर्दी डब्याडब्यांत वाटली जावी म्हणून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाता येईल असे जोडमार्ग, अशा तीन गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. कोणी रूळ ओलांडताना गेले, कोणी गाडीतून पडून गेले. ज्या शहरात इतकी माणसे दरसाल रेल्वेच्या मार्गावर मरतात, त्या शहराने उघड्या दाराचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही.

तथापि निर्णय योग्य असला म्हणजे त्याची अंमलबजावणी आपोआप योग्य होते असे नाही. उदाहरणादाखल एक साधा हिशोब मांडून पाहू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कल्याणला जाणारी धिमी गाडी वाटेत चोवीस ठिकाणी थांबते. नाहूर हे त्यांपैकी सोळावे. दार मिटणे, ते नीट मिटले याची खूण मोटरमनपर्यंत पोहोचणे, मध्ये कोणाची पिशवी किंवा पाऊल अडकले तर ते पुन्हा उघडून पुन्हा मिटणे, या साऱ्यांत प्रत्येक थांब्यावर केवळ दहा सेकंद अधिक गेले, तर कल्याणपर्यंत दोनशे चाळीस सेकंद, म्हणजे चार मिनिटे, वाढतात. गर्दीच्या वेळी मुंबईत एका गाडीपाठोपाठ दुसरी गाडी तीन-चार मिनिटांत येते. म्हणजे दहा सेकंदांच्या दिरंगाईने एका अख्ख्या गाडीची जागा वेळापत्रकातून नाहीशी होण्याचा संभव आहे. त्या गाडीचे हजारो प्रवासी मग फलाटावर उभे राहतील. आणि अरुंद फलाटावर किंवा चिंचोळ्या पुलावर गर्दी तुंबली म्हणजे काय होते, हे २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलाने आपणांस दाखविले आहे. दारातून पडणारा माणूस वाचावा आणि पुलावर दुसरा चिरडला जावा, असा व्यवहार कोणालाच नको आहे. दहा सेकंद जातील, पाच जातील की पंधरा, हे कागदावर बसून सांगता येत नाही. ते प्रयोगानेच कळेल, आणि त्या प्रयोगासाठी माणसेच लागतील.

जगातील पुढारलेल्या देशांनी हा प्रयोग प्रवासी मार्गापासून अलग ठेवण्याची सोय केव्हाच करून ठेवली आहे. मॉस्कोजवळ शेर्बिंका येथे १९३२ सालापासून सहा किलोमीटर परिघाचे एक वर्तुळ आहे. त्यावर गाड्या रात्रंदिवस फिरविल्या जातात. चेक देशात वेलिम येथे १९६३ साली असेच तेरा किलोमीटरांहून अधिक लांबीचे कडे उभारण्यात आले. अमेरिकेने १९७१ साली कोलोरॅडोमधील प्वेब्लो गावाबाहेरच्या माळरानावर आपले चाचणी केंद्र उघडले. जर्मनीत वेगबर्ग-विल्डेनराथ येथे ब्रिटिश हवाई दलाने सोडून दिलेल्या विमानतळावर १९९७ साली सीमेन्स कंपनीने चाचणीमार्ग बांधला. लंडनच्या पिकाडिली मार्गासाठी बांधलेल्या नव्या भुयारी गाड्या समुद्र ओलांडून लंडनला जाण्यापूर्वी याच ठिकाणी तपासण्यात आल्या. ऑस्ट्रियाच्या राजधानीत तर एक अशी शाळा आहे की, तिच्या शंभर मीटर लांबीच्या बोगद्यात डबे उभे करून त्यांवर उणे पंचेचाळीस अंशांपासून साठ अंशांपर्यंतचे हवामान, वारा, पाऊस आणि बर्फ यांचा मारा केला जातो. वर्तुळाकार मार्गाचा लाभ उघड आहे. तेथे गाडीला टोक गाठून माघारी फिरावे लागत नाही, मागून येणाऱ्या गाडीला वाट करून द्यावी लागत नाही, आणि काही बिघडले तर लाखो लोकांचा दिवस बिघडत नाही. बिघाड व्हावा आणि तो येथेच व्हावा, हाच तर अशा जागेचा हेतू असतो.

परीक्षेत कसूर केली तर तिची किंमत काय असते, याचे उदाहरणही त्याच जर्मनीत आहे. वेगवान गाडीतील खडखड कमी व्हावी म्हणून, पोलादी धाव आणि चाकाचा गाभा यांच्यामध्ये रबराचे कडे बसविलेली चाके तेथे स्वीकारण्यात आली. असली चाके ट्रामवर चांगली चालत होती. पण ट्रामचा वेग निराळा आणि त्या गाडीचा निराळा. त्या वेगात, त्या भाराखाली, वर्षानुवर्षे झिजल्यावर त्या चाकाचे काय होईल याची पुरेशी कठोर परीक्षा झालेली नव्हती. ३ जून १९९८ रोजी एशेडे गावाजवळ त्यांपैकी एका चाकाची धाव तुटली, गाडी घसरून एका पुलावर आदळली आणि एकशे एक माणसे मृत्युमुखी पडली. जे एका ठिकाणी सिद्ध झाले ते दुसऱ्या ठिकाणी सिद्धच आहे असे धरून चालण्याची ही चूक आहे. मुंबईच्या संदर्भात तिचे स्मरण ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण जगातील कोणत्याही परीक्षागृहात सिद्ध झालेली गाडी मुंबईतही सिद्ध ठरेल, असे मुळीच नाही.

मुंबईची गोष्टच वेगळी. युरोपात गाडीचा आराखडा करताना उभ्या प्रवाशांसाठी चौरस मीटरला चार ते सहा माणसे असा हिशोब धरतात. आपल्या रेल्वेच्या दप्तरात मुंबईसाठी एक खास संज्ञा आहे. तिचा सरळ अर्थ ‘अतिदाट चेंगराचेंगरीचा भार’ असा होतो. हा भार म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसे. माणसांच्या दुरवस्थेला असे पारिभाषिक नाव मिळाले म्हणजे ती अवस्था नियमांत बसल्यासारखी वाटू लागते, हा भाग निराळा. या शहरात रोज साठ लाखांहून अधिक प्रवास उपनगरी गाड्यांनी होतात. सरासरी दर दोन किलोमीटरवर गाडी थांबते, अर्ध्या मिनिटाच्या आत भरते-रिकामी होते आणि पुन्हा वेग घेते. त्यात चार महिने पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; तेवढा नाही, तरी रुळांवर पाणी चढविणारा पाऊस मुंबईला दरवर्षी भेटतो. अशी गर्दी, असे थांबे आणि असे पाणी विल्डेनराथला नाही आणि वेलिमलाही नाही. मुंबईच्या गाडीची प्रश्नपत्रिका मुंबईनेच काढली पाहिजे.

ती काढण्याची पात्रता आपल्या अभियंत्यांच्या अंगी नाही, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी या देशातील पहिली विजेची गाडी मुंबईच्या बोरीबंदराहून कुर्ल्यास गेली. ती दीड हजार व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत होती. पुढे नव्वद वर्षांनी मध्य रेल्वेने उपनगरी मुख्य मार्गावरचा तो प्रवाह बदलून पंचवीस हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणला. हे काम जून २०१५ मध्ये पुरे झाले आणि हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये. रात्री तारांतील प्रवाह बदलावयाचा, त्यावर गाड्या चालवून पाहावयाच्या आणि सकाळी शहराला कामावर न्यावयाचे, असे हे दुर्घट काम होते. शंभर वर्षांच्या या इतिहासात रात्रीच्या तीन तासांचे चीज कसे करावे हे आपल्या रेल्वे कामगारांनी दाखवून दिले आहे. आमची तक्रार त्यांच्याविषयी नाही; त्यांना तीन तासांखेरीज काहीच दिले जात नाही, याविषयी आहे.

याचा परिणाम काय होतो, हे पहिल्या वातानुकूलित लोकलच्या कहाणीवरून समजते. पेरांबूरच्या कारखान्यात बांधलेली ही गाडी एप्रिल २०१६ मध्ये कुर्ल्याच्या कारशेडमध्ये आली. मध्य रेल्वेवर तिच्या चाचण्या सुरू झाल्या. पण गाडीची उंची इतकी होती की कुर्ल्यापासून मुंबईकडच्या टप्प्यातील ब्रिटिश अमदानीच्या ठेंगण्या पुलांखालून तिला सुरक्षितपणे नेणे शक्य नाही, असे दिसून आले. अखेर ती पश्चिम रेल्वेकडे देण्यात आली, आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी प्रवाशांच्या सेवेत आली. म्हणजे शहरात आल्यापासून वीस महिन्यांनी! मध्य रेल्वेला वातानुकूलित लोकलसाठी जानेवारी २०२० पर्यंत थांबावे लागले. तीही प्रथम ठाणे-पनवेल पट्ट्यात सुरू झाली, आणि मुख्य मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये. पुलाची उंची ही काही गूढ बाब नव्हे. ती फूटपट्टीने मोजता येते. गाडीची उंचीही तशीच मोजता येते. तरीही या दोहोंची गाठ गाडी तयार होऊन मुंबईत आल्यावर पडावी, याला काय म्हणावे? जे मोजता येते त्याची ही अवस्था, तर जे सहजासहजी मोजता येत नाही, अशा दाराशी येणाऱ्या रेट्याची आणि कोंडलेल्या हवेची परीक्षा कशी होणार, ही चिंता आम्हांस वाटते.

भारतीय रेल्वेने चाचणीचे महत्त्व ओळखलेले नाही असे नव्हे. लखनौची संशोधन, आरेखन व मानक संस्था १९५७ पासून हेच काम करीत आली आहे. नव्या वेगवान गाड्यांच्या चाचण्या राजस्थान-मध्य प्रदेशातील कोटा-नागदा टप्प्यासारख्या चालू मार्गांवर घेतल्या जातात. राजस्थानात सांभर सरोवराच्या परिसरात गुढा ते ठठाणा मिठडी असा केवळ चाचणीसाठी स्वतंत्र मार्ग रेल्वेने हाती घेतला. त्याच्या पहिल्या टप्प्यास २०१८ साली मंजुरी मिळाली. सर्व फाटे आणि वळणे धरून सुमारे साठ किलोमीटरांची ही योजना असून तीत ताशी दोनशे वीस किलोमीटरपर्यंतच्या वेगाची कल्पना केलेली आहे. ही योजना देशाला भूषणावह आहे. परंतु तिच्याविषयी जे बोलले जाते ते बहुधा वेगाविषयी. वेगाचे आकर्षण आपल्या राज्यकर्त्यांना फार. मुंबईच्या लोकलला ताशी दोनशे वीस किलोमीटरांशी कर्तव्य नाही. तिची खरी कसोटी धावण्यात नसून थांबण्यात आहे. दिवसातून कित्येक वेळा भरणे, रिकामे होणे, दार उघडणे, दार मिटणे हीच ती कसोटी. वेगाच्या परीक्षेसाठी साठ किलोमीटरांचा मार्ग आणि दाराच्या परीक्षेसाठी कारशेडमधील एक कोपराही नाही, हे प्रमाण बदलले पाहिजे.

कोणी म्हणेल, मुंबईत चाचणीमार्गाला जागा कोठे आहे? हा प्रश्न रास्त आहे. नाहूरच्या पुलावरून पश्चिमेस पाहावे तर इमारतींची दाटी डोंगरापर्यंत गेलेली दिसते. पूर्वेस खाडीच्या बाजूला मिठागरांची मोकळी जमीन आहे. पण ती मोकळी म्हणजे निरुपयोगी नव्हे. भरतीचे आणि पावसाचे पाणी जेथे विसावते अशी ती शहराची पाणपिशवी आहे, आणि तिच्यावर आधीच पुष्कळांची दृष्टी आहे. रेल्वेचे कडे बांधण्यासाठी तिचा आणखी एक लचका तोडावा, असे आम्ही कदापि सुचविणार नाही. मुंबईला मुंबईत वर्तुळ नको. तिला हव्या आहेत तीन गोष्टी, आणि त्यांपैकी एकीलाही नवी जमीन लागत नाही.

पहिली गोष्ट अशी. एखाद्या उपनगरी कारशेडमध्ये कायमचे परीक्षागृह असावे. त्यात एक पुरा डबा उभा करावा, त्याच्या दोन्ही अंगांस खऱ्या उंचीचे फलाट बांधावेत, आणि मोबदला देऊन बोलाविलेल्या, आपल्या खुशीने आलेल्या माणसांकडून चढण्या-उतरण्याचे प्रयोग करावेत. त्यांत वृद्ध असावेत, मूल कडेवर घेतलेल्या बायका असाव्यात, डब्यांच्या भाराने वाकलेला डबेवाला असावा, कुबडी घेतलेला माणूस असावा. दार मिटण्यास किती सेकंद लागतात, पिशवीचा पट्टा किंवा साडीचा पदर अडकला तर दाराला ते कळते की नाही, वीज गेली तर दार आतून उघडता येते की नाही, आणि दारे मिटून गाडी बोगद्यात किंवा उन्हात अर्धा तास अडकली तर आतली हवा माणसाला पुरते की नाही, हे सारे तेथे मोजावे. माणसांची दाटी टप्प्याटप्प्याने वाढवावी, डॉक्टर जवळ असावेत, आणि धोक्याच्या कितीतरी अलीकडे प्रयोग थांबवावा. त्यापुढचे गणित यंत्रांनी करावे.

दुसरी गोष्ट. राजस्थानातील चाचणीमार्गावर उपनगरी गाड्यांसाठी ठराविक काळ राखून ठेवावा. नव्या आराखड्याची पहिली गाडी तेथे मुंबईच्या पूर्ण भाराने चालवावी आणि तिला कल्याणच्या धिम्या गाडीप्रमाणे चोवीस थांबे घ्यावयास लावावे. एकदा नव्हे, हजार वेळा. वाळवंटाजवळच्या त्या मुलखात मुंबईचा पाऊस नाही, हे खरे. म्हणून तिचा एक पावसाळा मुंबईत, प्रवाशांविना, गेला पाहिजे. जी गाडी एक आषाढ पाहिल्यावाचून सेवेत आली, तिची परीक्षा पुरी झाली असे मुंबईकर तरी मानणार नाही.

तिसरी गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची समजतो. या परीक्षांचे निकाल प्रसिद्ध झाले पाहिजेत. आमची काही वर्षे शाळेत शिकविण्यात गेली. विद्यार्थ्याने स्वतःच प्रश्न काढावे, स्वतःच उत्तरे तपासावी आणि आपण उत्तीर्ण झाल्याचे पालकांना तोंडी कळवावे, अशी पद्धत आम्ही कोणत्याही शाळेत पाहिली नाही. रेल्वेच्या बाबतीत बाहेरचा परीक्षक म्हणून रेल्वे सुरक्षा आयुक्त आहेत, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमानवाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवण्यात आले आहेत, ही आपल्या व्यवस्थेतील शहाणपणाची गोष्ट होय. त्यांच्या मंजुरीवाचून नव्या धाटणीची गाडी प्रवाशांना घेऊन धावू शकत नाही. पण ही मंजुरी कोणत्या कसोट्यांवर, किती गुणांनी आणि कोणत्या अटींवर मिळाली, हे ज्याच्या जिवाशी संबंध आहे त्या प्रवाशाला सोप्या भाषेत कधी सांगितले जाते काय? सेवेत येणाऱ्या प्रत्येक नव्या लोकलबरोबर दोन पानांचा मराठी गोषवारा प्रत्येक स्थानकावर लावावा, एवढीच आमची मागणी आहे. त्यात काय तपासले आणि काय आढळले तेवढे यावे.

उघड्यावर परीक्षा देण्याने अब्रू जात नाही, उलट ती वाढते. ब्रिटनमध्ये अणुइंधनाच्या राखेची ने-आण करणाऱ्या पोलादी पेट्यांविषयी लोकांच्या मनात भीती होती. तेव्हा तेथील वीजमंडळाने १७ जुलै १९८४ रोजी ओल्ड डॅल्बीच्या चाचणीमार्गावर अशी एक पेटी रुळांवर आडवी ठेवली आणि ताशी शंभर मैलांच्या वेगाने एक बिनमाणसांची गाडी तिच्यावर आदळविली. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी आणि निमंत्रित लोक ते डोळ्यांनी पाहत होते. इंजिनाचा चुराडा झाला. पेटी शाबूत राहिली. शंभर पत्रकांनी जे साधले नसते ते त्या एका प्रयोगाने साधले. त्याच ओल्ड डॅल्बीला वळणावर झुकणारी एक नवी वेगवान गाडी अनेक वर्षे तपासली गेली होती. डिसेंबर १९८१ मध्ये प्रवासी आत बसले, तेव्हा त्यांपैकी काहींना मळमळू लागले आणि कडाक्याच्या थंडीत यंत्रेही रुसली. ती गाडी लवकरच मागे घ्यावी लागली. रुळावरची परीक्षा उत्तीर्ण झालेली गाडी माणसापुढे नापास होऊ शकते, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

या साऱ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परीक्षांना वेळ लागतो. दर दिवशी माणसे मरत असता ‘आधी तपासा’ म्हणून बसणे म्हणजे आणखी माणसे मरू देणे नव्हे काय? हा प्रश्न मुंब्र्यात ज्यांचे माणूस गेले त्यांनी विचारला, तर आम्ही मान खाली घालू. परंतु उत्तर द्यावयाचेच तर असे देऊ की, वेळ परीक्षेने खर्च होत नाही, तो परीक्षा टाळल्याने खर्च होतो. ठेंगण्या पुलांची गाठ वेळेवर पडली असती तर वातानुकूलित गाडीला मध्य रेल्वेवर यावयास इतका काळ लागला नसता. घाईने आणलेली दारे पहिल्या पंधरवड्यात अडकू लागली, गाड्या रखडू लागल्या, आत माणसे गुदमरू लागली, तर संतापलेले प्रवासी ती दारे पाचर ठोकून उघडी ठेवतील. मग कोणीतरी हुकूम काढील की ‘हा प्रयोग मुंबईत चालत नाही’, आणि बंद दाराची कल्पना आणखी वीस वर्षे फायलींत पडून राहील. चांगल्या सुधारणेचा याहून दुष्ट शत्रू नाही. ती टिकावी अशी इच्छा असेल तर ती आधी तपासलीच पाहिजे.

मुंबईचा प्रवासी सोशिक आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. प्रत्येक दुर्घटनेनंतर दुसऱ्या दिवशी गाड्या भरून वाहतात आणि या सोशिकपणाचे गोडवे गायले जातात. वस्तुतः तो सोशिकपणा नसतो, निरुपाय असतो. कल्याण-डोंबिवलीच्या, भांडुप-नाहूरच्या माणसाला कामावर जाण्यास दुसरा मार्ग नाही, म्हणून तो दाराच्या दांड्याला धरून उभा राहतो. त्याने आजवर पुष्कळ परीक्षा दिल्या आहेत: उघड्या दाराची, पाणी चढलेल्या रुळांची, फलाट आणि गाडी यांमधल्या पोकळीची. त्या त्याने न मागता दिल्या आणि त्यांतील अनुत्तीर्णांची नोंद रेल्वे पोलिसांच्या वहीत झाली.

रेल्वे मंत्रालयाने आणि महाराष्ट्र शासनाने एकत्र येऊन हा क्रम उलटा करावा. मुंबई रेल विकास महामंडळ हे या दोघांच्याच भागीदारीतून १९९९ साली उभे राहिले आहे. परीक्षागृहाचे काम त्याच्याकडे सोपविता येईल. लोकसभेत आणि विधानसभेत मुंबई-ठाण्याचे जे प्रतिनिधी बसतात त्यांनी नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखविण्याच्या समारंभास जाण्यापूर्वी तिचे प्रगतिपुस्तक मागवून घ्यावे. एवढे झाले, तर नाहूरच्या रुळांवरून रात्री जाणाऱ्या त्या निर्मनुष्य गाडीकडे आम्ही आदराने पाहू. कारण ती आपल्या वाट्याचा धोका स्वतःकडे घेऊन चालली आहे, असे आम्हांस तेव्हा खात्रीने म्हणता येईल. आज ते म्हणता येत नाही.